लेणीवर जाताना पाणी कोण पिते?

फेब्रुवारी सरत आला की विहाराच्या फळ्यावर लेणी सहलीची सूचना लागते. माणशी वर्गणी किती, गाडी किती वाजता सुटणार, पांढरे कपडे घालून यावे, वंदनेचे साहित्य सोबत आणावे. ही सहल आता वस्तीवस्तीत पोचली आहे आणि ती फार चांगली गोष्ट आहे. आपली पोरे धम्मलिपीतली अक्षरे ओळखू लागली आहेत. चैत्य कोणता आणि विहार कोणता, हे नातवंडे आजीला समजावून सांगतात. कान्हेरी, भाजे, कार्ले, नाशिकची त्रिरश्मी, जुन्नरची लेण्याद्री, महाडजवळची गांधारपाले, औरंगाबादची लेणी, सगळी एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. चार-पाच तास चालणे होते, मोकळी हवा मिळते. एरवी आपल्या वस्तीतल्या बाईला घर, काम आणि नळ यापलीकडे चालायला मिळते कुठे?

पण त्या सूचनेत पाण्याबद्दल एक ओळ नसते. आणि लघवीला कुठे जायचे, याबद्दल तर नसतेच.

नर्स म्हणून वॉर्डात आणि आता कार्यकर्ती म्हणून वस्तीत मी एक गोष्ट सारखी पाहत आले आहे. सहलीला निघालेली आपली बाई आदल्या रात्रीपासून पाणी कमी करते. पहाटे चहाचा अर्धा कप, त्यानंतर काही नाही. गाडीत बाटली फिरते तेव्हा ती पुढे सरकवते. विचारले तर म्हणते, "मला नाही लागत तहान." तहान लागते हो. पण वाटेत गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते आणि वर गेल्यावर सोय असेल की नाही याची खात्री नसते, म्हणून ती तहानच मारून टाकते. मग दुपारी बाराला डोके ठणकू लागते, पायऱ्या उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटरीत गोळे येतात. सगळे म्हणतात, ऊन लागले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते, ती तर कुणाला सांगतच नाही.

६ डिसेंबरला दादरला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत, जिथे आपली गर्दी जमते तिथल्या मदत केंद्रावर चक्कर येऊन आणलेल्या बायांना मी पहिला प्रश्न विचारते, "शेवटची लघवी कधी केली?" उत्तर बहुतेक वेळा "सकाळी घरून निघताना" असेच येते. त्यांना औषध फारसे लागत नाही. सावली, पाणी आणि आडोसा मिळाला की अर्ध्या तासात त्या उठून बसतात.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की सहलीची आखणी बॅनरपासून नाही, मुतारीपासून सुरू करावी. शब्द खटकला असेल तर खटकू द्या. दोन कार्यकर्त्यांनी आधी एकदा जाऊन बघून यावे. पण त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण पुरुषाला ही अडचण दिसतच नाही. बहुतेक लेण्यांवर स्वच्छतागृह असले तर खाली, तिकीटखिडकीच्या आसपास असते. वर चढल्यावर काही नसते. म्हणजे चढण्याआधी सगळ्यांनी तिथे जाऊन यायचे, त्यासाठी वीस मिनिटे राखून ठेवायची आणि ते मोठ्याने सांगायचे. वाटेवर गाडी कुठल्या पेट्रोल पंपावर थांबणार हेही आधी ठरवायचे. जिथे काहीच सोय नाही तिथे एक जुनी साडी आणि दोन मैत्रिणी पुरतात. लेणीपासून, वाटेपासून आणि पाण्याच्या टाक्यापासून लांब, आडोसा धरून. जुनी साडी सहलीच्या सामानात लिहून ठेवा. ती ऊन झाल्यावर सावलीला येते, कुणाला घेरी आली तर अंथरायला येते, पाय मुरगळला तर फाडून बांधायलाही येते.

पाळी सुरू आहे म्हणून मुलीला घरी ठेवू नका. धम्मात विटाळ नाही, हे आपण स्टेजवरून सांगतो, ते सहलीच्या दिवशीही लक्षात ठेवायचे. पॅड, वर्तमानपत्राचे कागद आणि वापरलेले परत आणायला एक जाड पिशवी, एवढे महिला मंडळाने सोबत ठेवले की मुलगी निर्धास्त चालते.

आता पाणी किती? उन्हात चढ चढताना मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर लागते. पाच-सहा तासांच्या सहलीला माणशी दोन लिटर धरा, शाळकरी मुलाला एक लिटर, आणि परतीसाठी गाडीत वेगळे ठेवा. घरटी एक बाटली हा हिशेब बंद करायचा. प्रत्येकाची बाटली प्रत्येकाच्या पाठीवर. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरते आहे, गडद असेल तर कमी पडते आहे, एवढी एक खूण पोरांनाही शिकवा. तहान लागण्याची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यायचे.

कान्हेरीला गेलात तर कड्यात कोरलेली पाण्याची टाकी बघाच. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख तिथे आहे. डोंगर फोडून भिक्खूंना राहायला जागा केली तेव्हा उतारावरचे पाणी पन्हळींनी टाक्यात कसे येईल, याची आखणी त्या लोकांनी केली होती. बसायला दगडी बाकसुद्धा कोरले. आपण मात्र ती लेणी बघायला जाताना ध्वनिक्षेपक आठवणीने नेतो आणि पाण्याचा जार गाडी निघाल्यावर आठवतो. आणि हो, टाक्यातले पाणी कितीही नितळ दिसले तरी आज पिऊ नका. माकडे, पक्षी आणि माणसांचा कचरा सगळे त्यात उतरते.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे, ती पंचांगाची नव्हे, दिनदर्शिकेची. महाडचा २० मार्च, १४ एप्रिल, वैशाखातली बुद्धपौर्णिमा, आपले मोठे दिवस नेमके उन्हाच्या तोंडावर किंवा भर उन्हात येतात. १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेली आपली माणसे पाण्याच्या हक्कासाठी मार्चच्या उन्हात चालली. त्या दिवसाची आठवण म्हणून निघालेल्या सहलीत बाई तहानलेली राहावी, हे मला चालत नाही. या दिवशी लेणीवर जायचेच असेल तर लेणी उघडताच वर चढा आणि अकरापर्यंत खाली या. भाषणे खाली सावलीत होऊ द्या. आणि लहान मुले, म्हातारी माणसे घेऊन जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा. पावसाळ्यात भाजे-कार्ल्याची हिरवाई सुंदर दिसते, पण शेवाळलेल्या पायऱ्यांवर मनगटे मोडतात.

आता खाणे. इथे माझे भांडण पुलावाच्या पातेल्याशी आहे. पहाटे तीनला चार बाया उठतात, मोठे पातेलेभर पुलाव शिजवतात, झाकण घट्ट लावून टेम्पोत ठेवतात आणि तो दुपारी दीड-दोनला वाढतात. गरम भात बंद भांड्यात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उलट्या-जुलाब झाले की दोष पाण्याला दिला जातो. ओल्या खोबऱ्याची चटणी, बटाट्याची ओली भाजी, दहीभात यांचेही तेच. उन्हाच्या दिवसात ही शिदोरी नको.

आपल्या आज्या शेतावर, मजुरीला जाताना जे बांधून न्यायच्या ते आठवा. भाकरी, ठेचा, कांदा. ज्वारीच्या पिठात पाण्याऐवजी दूध घालून केलेली दशमी दोन दिवस मऊ राहते. बाजरीच्या भाकरीला तीळ लावले की चवही आणि ताकदही. सोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. तिखट-मिठाच्या पुऱ्या, थालीपीठ, कोरडे पिठले, हे सगळे दुपारपर्यंत टिकते. घामातून मीठ जाते, म्हणून चटणीतले मीठ त्या दिवशी कामाचे आहे. मात्र ज्यांचा रक्तदाब वाढलेला असतो त्यांनी लोणचे-पापडाने ताट भरू नये.

चालता चालता खायला शेंगदाणा-गुळाचा लाडू सगळ्यात उत्तम. दोन वाट्या शेंगदाणे मंद आचेवर भाजा, साले काढा, जाडसर कुटा, एक वाटी किसलेला गूळ आणि दोन चमचे भाजलेले तीळ घालून पुन्हा थोडे कुटा. दाण्याला तेल सुटते, त्यातच लाडू वळतात, तूप लागत नाही. हे काम आदल्या संध्याकाळी पुरुषांनी आणि पोरांनी करावे. भाजणे आणि कुटणे यात असे काय अवघड आहे? त्याशिवाय फुटाणे, कुरमुऱ्याचा चिवडा, केळी, काकडी, उकडलेली रताळी. दाण्याने कुणाच्या अंगावर पित्त उठत असेल किंवा ओठ सुजत असतील तर त्याला तिळाचा किंवा राजगिऱ्याचा लाडू वेगळ्या डब्यात द्या. अगदी लहान पोरांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, चालताना घशात अडकतात.

उकडलेली अंडी न्या. यावर दर सहलीला कुजबूज होते, की वंदनेला जाताना अंडे कसे न्यायचे. ज्यांना खायचे नाही त्यांनी खाऊ नये, त्यांचा मान आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाला आणि अंगात रक्त कमी असलेल्या बाईला एवढे स्वस्त, साल न सोलता नेता येणारे दुसरे पौष्टिक खाणे मला माहीत नाही. सोवळ्या-ओवळ्याची भाषा आपल्या डब्यावर परत चालून येते आहे का, हेही जरा तपासा. साल मात्र लेणीवर टाकायचे नाही, आणि सोललेले अंडे उन्हात ठेवायचे नाही.

पाकिटातले कुरकुरीत पदार्थ आणि रंगीत थंड पेये मुलांच्या हट्टासाठी घेतली जातात. त्यात मीठ, तेल, साखर यापलीकडे फारसे काही नाही आणि तहान वाढते ती वेगळीच. दुकानात डब्यात मिळणाऱ्या काही गोड पेयांवर वर्षानुवर्षे 'ओआरएस' असे लिहिलेले असायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसे नाव वापरायला मनाई केली, कारण त्यांत जुलाब झालेल्या मुलाला बाधेल इतकी साखर असते. खरे ओआरएस आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे मिळते. पाकिटावर जितके पाणी सांगितले आहे तितक्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाकायचे, अर्धे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका. रोजच्या चालण्यात घामासाठी लिंबू-मीठ-साखरेचे पाणी पुरे आहे.

"वंदना झाल्याशिवाय खायचे नाही" असे काही ठिकाणी बसवले गेले आहे. हे कुठून आले? पंचशील घ्यायला पोट रिकामे लागत नाही. स्वतः सिद्धार्थाने देह सुकवण्याचा मार्ग सोडून सुजाताची खीर स्वीकारली. पौर्णिमेला जे उपासक-उपासिका अष्टशील पाळतात त्यांनी पहाटे आणि पुन्हा बाराच्या आत व्यवस्थित जेवावे, पाणी आणि गाळलेले लिंबूपाणी नंतरही घ्यावे. विनयात आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी अवेळीही औषध म्हणून घ्यायची मुभा आहे. म्हणजे आजाऱ्याचा विचार तिथे आधीच केलेला आहे, आपणच कडक होतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे, गरोदर बाया आणि मुले यांनी उपोसथ आणि चढाई एकाच दिवशी करू नये.

मधुमेही माणसाने गोळी घेऊन न जेवता चढायला लागले की साखर एकदम खाली जाऊ शकते. थरथर, थंड घाम, छातीत धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणे. शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, मग भाकरी. "त्याला साखर आहे, साखर कशी द्यायची" म्हणत थांबू नका. म्हणून अशा माणसाच्या खिशात, बॅगेत नव्हे, साखरेची पुडी हवी.

विदर्भातल्या आपल्या कितीतरी घरांत सिकलसेल आहे. ज्याला हा आजार आहे त्याच्या अंगातले पाणी कमी झाले, खूप दमला किंवा गारठला की वेदनेचा झटका येऊ शकतो. त्या मुलाला सहलीतून वगळा असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांना विचारून, सपाट आणि लहान वाट निवडून, इतरांपेक्षा जास्त पाणी पाजत, कुणीतरी सोबत राहून त्याला न्या. छातीत दुखले, ताप आला, धाप लागली तर सहल तिथेच थांबवून रुग्णालय गाठा. तपासणी झालेली नसेल तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

पायातले आणि पाठीवरचे, यासाठी दुकानात पैसे घालवायची गरज नाही. हल्ली काही तरुण मंडळी तीन-चार हजारांचे बूट, काठ्या, विशेष बॅगा यांची यादीच पाठवतात. ती यादी वाचून घरकाम करणारी बाई म्हणते, आम्हाला नाही जमायचे, आणि घरी राहते. ती राहू नये. मुलाचे शाळेचे कॅनव्हास बूट चालतात. फक्त उलटे करून तळ बघा. खाचा शिल्लक असतील तर चालतील, गुळगुळीत झाला असेल तर नाही. गुळगुळीत चप्पल मात्र नकोच, कान्हेरीच्या झिजलेल्या पायऱ्यांवर ती हमखास घसरते. नवे बूट असतील तर आधी आठवडाभर वस्तीत घालून फिरा. सुती मोजे घाला. नखे कापा. जुने शाळेचे दप्तर ही सगळ्यात चांगली बॅग, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. हातात पिशवी, कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात पदर सावरत चढणारी बाई पडणारच. ओझे घरातल्या पुरुषाने घ्यावे.

पांढरे सुती कपडे उन्हात उत्तमच. पण नायलॉनची पांढरी साडी घामाने चिकटते आणि पायात येते. सलवार किंवा पँट घालून मुली-सुना आल्या तर म्हाताऱ्यांनी नाक मुरडू नये. डोक्याला रुमाल किंवा टोपी सगळ्यांनाच.

मेणबत्ती-अगरबत्ती लेणीत लावू नका. धुराने कोरीव काम काळे पडते, आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर माश्या उठतात. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून लांब पळा. काटे नखाने खरवडून काढा. खूप ठिकाणी चावा असेल, ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, तर थांबू नका. माकडाने ओरबाडले तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मिळते. उन्हाने अंग तापले, माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर त्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. सावलीत नेऊन सगळे अंग ओले करा, वारा घाला, १०८ ला फोन करा. डोंगरात फोन लागत नाही, म्हणून कुठे लागतो ती जागा वर चढतानाच बघून ठेवा.

एक शेवटचे, मधुमेही मंडळींसाठी. चैत्यात जाताना आपण चपला बाहेर काढतो. आतला दगड थंड असतो, पण दुपारी अंगणातला तापलेला असतो आणि बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही. जाड मोजे घालूनच आत जा. मोज्यांनी वंदनेत काही कमी होत नाही. रात्री घरी आल्यावर दिव्याखाली बसून दोन्ही तळवे, बोटांच्या बेचक्या नीट बघा, स्वतःला दिसत नसेल तर नातवाला बघायला सांगा. फोड दिसला तर फोडू नका, सकाळी दवाखान्यात दाखवा.